केळ कोणती, हे घड सांगत नाही

प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये केळीचा एखादा तरी फोटो असतो. केरळातल्या परसातली, मेघालयात रस्त्याकडेच्या उतारावरची, बालीतल्या देवळामागची, नाहीतर माळशेजच्या कड्याला धरून उभी असलेली. सोबतचा प्रश्न ठरलेला, ही कुठली केळ? फोटोही बहुधा ठरलेलाच. लोंबणारा घड, मागे फाटकी पानं, वर आभाळ. अडचण अशी की केळ ओळखायला घडाचा उपयोग सगळ्यांत कमी. तो कोवळा आहे की भरलेला, जमीन कशी, पाणी किती, यावर त्याचं रूप पालटतं. खरी माहिती असते बुंध्याच्या पायथ्याशी, पानाच्या देठात आणि घडाखालच्या केळफुलात. नेमक्या याच तीन जागा चौकटीबाहेर राहतात.

आधी ती केळच आहे ना, एवढं बघून घ्यावं. हॉटेलांच्या बागांतून लावलेली हेलिकोनिया पानांवरून केळीसारखीच दिसते. पंख्यासारखी पसरलेली, मूळची मादागास्करची रॅव्हेनाला तर ‘शोभेची केळ’ म्हणून सर्रास खपते. पण या दोघींची पानं दोन बाजूंना, एकाच पातळीत निघतात. केळीची पानं बुंध्याभोवती फिरत, चक्राकार येतात. शिवाय केळीला चीक असतो. कपड्यावर पडला की काळपट डाग पडतो आणि तो जन्मभर जात नाही. हेलिकोनियाला असा चीक नाही. रॅव्हेनालाला खरं लाकडी खोड असतं. केळीचा बुंधा म्हणजे एकात एक गुंडाळलेली सोपटं, खरं खोड जमिनीखालच्या गड्ड्यात. हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

पुढचा प्रश्न सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात भीमाशंकर, ताम्हिणी, माळशेज या भागांत ओल्या काळ्या कातळावर, माणसाचा हात पोचणार नाही अशा कपारीत जी केळ दिसते ती कवदर. कुणी तिला रानकेळ म्हणतं, कुणी चवई. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम. ती आपल्या बागेतल्या केळीची जंगली आई आहे अशी समजूत सगळीकडे आहे आणि ती चूक आहे. कवदर वेगळ्या प्रजातीतली. केळीच्या कुळात मुसा, एन्सेटे आणि मुसेला अशा तीन प्रजाती धरतात. आपण खातो ती सगळी केळी मुसातली.

कवदर जवळून बघण्यासारखी आहे. उन्हाळ्यात कड्यावर तिचं पान म्हणून उरत नाही. राहतो तो फक्त खडकाच्या फटीत रुतलेला, खाली फुगीर आणि वर निमुळता गड्डा, अंगावर जुन्या पानांच्या व्रणांची कडी घेऊन. पहिल्या पावसाबरोबर त्याच्या टोकातून पान फुटतं आणि श्रावणापर्यंत तिथे भलीमोठी केळ उभी राहते. पाऊस सरला की पानं वाळतात, गळतात, पुन्हा गड्डा. असं काही वर्षं चालतं. मग एका वर्षी ती फुलते. घड वाकून खाली येतो, पण त्यावरची मोठी, तांबूस-तपकिरी पारं, म्हणजे फुलांवरची पाकळीसारखी आवरणं, गळून पडत नाहीत, फळांना धरून बसतात. फळं आखूड, जाड, कोनदार. आत गर नावालाच आणि काळपट, टणक, चांगल्या वाटाण्याएवढ्या बिया. फळं धरली की झाड मरतं.

तिला मुनवे येत नाहीत. शेतातली केळ मेली तरी तिच्या बुडाशी पिलं उभी असतात, कवदरीचं तसं नाही. एका कड्यावर पन्नास कवदरी दिसल्या तरी प्रत्येक कवदर वेगळ्या बीपासून वाढलेली आणि एकटी. तेव्हा लांबून, दुर्बिणीतूनही एवढं बघावं: बुंधे घोळक्याने उभे आहेत की सुटे? पायथा सरळ जमिनीत जातो की कांद्यासारखा फुगलेला आहे? सुटा आणि फुगीर असेल तर एन्सेटे. उत्तर सह्याद्रीच्या कड्यांवर हे उत्तर जवळजवळ नेहमी बरोबर येतं. ईशान्य भारतात गेलात तर तिथे एन्सेटे ग्लॉकम भेटते. तीही एकटीच, पण बुंध्यावर निळसर पांढरी मेणाची साय. इथिओपियाच्या दक्षिणेत एन्सेटे व्हेंट्रिकोसम घराभोवती लावतात. फळासाठी नव्हे. तिथे बुंध्याचा आणि गड्ड्याचा गर खरवडून, खड्ड्यात पुरून, आंबवून त्याच्या भाकरी करतात. या भाकरीला कोचो म्हणतात आणि सुमारे दोन कोटी लोकांचं पोट त्यावर चालतं. तिथे जाऊन केळीच्या बागा पाहून आलेल्यांनी बहुधा याच बागा पाहिलेल्या असतात.

मुसाकडे वळलं की प्रश्न अवघड होतो, आणि याला माणसंही जबाबदार आहेत. वनस्पतितज्ज्ञ लिनियसने १७३६ साली हॉलंडमधल्या क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या हार्टेकाम्प बागेत, काचघरात फुललेल्या केळीवर एक छोटं पुस्तकच लिहिलं. पुढे १७५३ मध्ये मुसा पॅराडिसिआका आणि १७५९ मध्ये मुसा सॅपिएंटम ही नावं त्याने दिली. अजूनही पुष्कळ पाठ्यपुस्तकांत भाजीची केळी पहिल्या नावाखाली आणि खायची दुसऱ्या नावाखाली छापतात. पण या दोन्ही केळी बिनबियांच्या, माणसाने जोपासलेल्या, दोन जंगली जातींच्या संकरातून आलेल्या. थोडक्यात, ज्यांना मूळ जाती मानलं त्या लागवडीतली संकरित वाणं निघाली. त्या दोन जंगली जातींना नावं १८२० मध्ये तुरीनच्या कोला या वनस्पतितज्ज्ञाने दिली होती, मुसा ॲक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. त्यांचं महत्त्व लोकांच्या लक्षात यायला सव्वाशे वर्षं लागली. त्रिनिदादमध्ये काम करणाऱ्या चीझमनने १९४७ पासूनच्या लेखांतून हा गुंता सोडवला. एन्सेटेला पुन्हा वेगळी प्रजाती म्हणून उभं केलं तेही त्यानेच.

त्याच्या पाठोपाठ १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी एक साधी युक्ती मांडली. आजही बांधावर उभं राहून केळ ओळखायची तर हिच्याइतकी सोपी पद्धत दुसरी नाही. त्यांनी पंधरा लक्षणं निवडली. प्रत्येक लक्षण ॲक्युमिनाटासारखं असेल तर एक गुण, बाल्बिसियानासारखं असेल तर पाच, मधलं असेल तर मधले. शुद्ध ॲक्युमिनाटाची बेरीज पंधरा, शुद्ध बाल्बिसियानाची पंचाहत्तर. बाकी सगळी केळी मध्ये कुठेतरी. पहिलीच्या गुणसूत्रसंचाला ए, दुसरीच्या संचाला बी म्हणायचं. मग जळगावची केळी एएए, राजेळी एएबी, सफेद वेलची एबी, भाजीच्या कित्येक केळी एबीबी. प्रवाशाला कुठल्याही केळीबद्दल खात्रीने सांगता येईल ते बहुधा एवढंच, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. गट बरोबर आला तर निम्म्याहून अधिक काम झालं.

पंधरापैकी काही लक्षणं कुणालाही बघता येतील. पानाचा देठ मधोमध आडवा कापा. ॲक्युमिनाटाच्या बाजूच्या केळीत वरची पन्हळ उघडी असते, कडा बाहेर पसरलेल्या. बाल्बिसियानाच्या बाजूला त्याच कडा आत वळून एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या. झाड फुलावर नसलं तरी ही खूण मिळते, म्हणून मी तिला पहिला मान देतो. बुंध्यावर काळे-तपकिरी डाग भरपूर असतील तर ए-कडचा कल, बुंधा स्वच्छ हिरवा असेल तर बी-कडचा. घडाच्या दांड्यावर हात फिरवा. ॲक्युमिनाटाचा दांडा लवदार, बाल्बिसियानाचा गुळगुळीत.

खरा खजिना मात्र केळफुलात. त्याचं एक पार उचलून बघायचं. बाल्बिसियानाचं पार रुंद, टोकाला बोथट, बाहेरून तपकिरी-जांभळं, आतून लालभडक, आणि तो लाल रंग बुडापर्यंत एकसारखा. उमललं की ते नुसतं वर उचललं जातं. ॲक्युमिनाटाचं पार अरुंद, टोकदार, आतला रंग बुडाकडे पिवळट होत जाणारा, आणि उमलल्यावर मागे गुंडाळलं जाणारं. आता पाराखालची फुलं. केळफुलाची भाजी निवडताना प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढून टाकतात, हे घरोघर माहीत आहे. एक टोकाला बोंडासारखी गाठ असलेली ताठ काडी आणि दुसरा पारदर्शक, नखाएवढा पापुद्रा. पहिली शिजत नाही, दुसरा दाताखाली येतो. गंमत अशी की सिमंड्स-शेफर्डच्या यादीत या दोन्हींना मानाची जागा आहे. काडीच्या टोकाचा रंग गडद पिवळा-नारिंगी असेल तर ए, फिका, सायीसारखा असेल तर बी. पापुद्र्याच्या टोकाशी चुण्या असतील तर ए, नसतील तर बहुधा बी. ही यादी हातात नसतानाही हजारो बायकांनी रोज या दोन खुणा चिमटीत धरून बाजूला टाकल्या आहेत.

एक अडथळा सांगायला हवा. व्यापारी बागेत केळ निसवली आणि फण्या मोकळ्या झाल्या की केळफूल कापून टाकतात, म्हणजे सगळं बळ घडाला मिळतं. तेव्हा रावेर-यावलच्या बागेत उभं राहून केळफूल शोधण्यात अर्थ नाही. तिथे ओळख सोपीच असते म्हणा. एकसारखी उंची, सारख्या ओळी, ऊतिसंवर्धित रोपं, म्हणजे बहुतेक ग्रँड नैन, शेतकऱ्याच्या तोंडी जी-नाइन. पूर्वीची बसराई आणि श्रीमंती याच कॅव्हेंडिश घराण्यातल्या. बसराई बुटकी आणि केळफूल ठेवलंच तर तिच्या दांड्याला वाळलेली पारं आणि फुलं चिकटून राहतात.

कोकणात आणि गोव्यात वैविध्य जास्त, आणि नावांचा घोळही. वसईकडची सुकेळी जिची करतात ती राजेळी लांब, जाड, कोनदार, केरळातल्या नेंद्रनची बहीण. गोव्यातल्या मोयरा गावची केळी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहेत, त्यांची फिगाद नावाची मिठाई तिथल्या ख्रिस्ती घरांत होते. पण वेलचीपाशी जपून. सफेद वेलची म्हणजे कर्नाटकातली एलक्की, केरळातली न्यालिपूवन, गट एबी. लाल वेलची हे वेगळंच केळं, गट एएबी, तामिळनाडूत त्याला पूवन म्हणतात. तीच पूवन केरळात गेली की पाळयंकोडन होते, आणि केरळातला माणूस पूवन म्हणून जे केळं पुढे करतो ते बहुतेक वेळा रसथाळी असतं. यात सालीने तांबडी असलेली ‘लाल केळ’ आणखी तिसरीच, गट एएए, आणि तिच्याच गड्ड्यातून कधीकधी हिरव्या बुंध्याचा, हिरव्या फळांचा मुनवा उठतो. ती नवी जात नसते, त्याच झाडाने रंग टाकलेला असतो. तेव्हा बाजारातलं नाव लिहून घ्यावं, पण सोबत गावाचं नावही लिहावं. गावाशिवाय नावाला काही किंमत नाही.

जंगली आणि लावलेली यांच्यातली सीमा आपण समजतो तेवढी कडक नाही. बिया असल्या की जंगली आणि नसल्या की लावलेली, हा पहिला कौल म्हणून ठीक आहे. लागवडीतली केळी परागीभवनाशिवाय फळ धरतात आणि त्यातली बरीच तीनसंची, म्हणून वांझ. त्यांचं गावोगाव पसरणं सगळं माणसाने उचलून नेलेल्या मुनव्यांवर. पण आसामात भीमकोल बघा. उंच, धिप्पाड, मेणचट बुंध्याची, फळात बिया खचाखच. शुद्ध बाल्बिसियाना. तरीही ती घराजवळ मुद्दाम लावतात, तान्ह्या मुलांना तिचा गर गाळून भरवतात आणि सालीच्या राखेपासून स्वयंपाकातला खार काढतात. तिला जंगली म्हणायचं की लावलेली? दोन्ही. उलट बाजूने, जंगलात खोल गेल्यावर बिनबियांची केळ दिसली तर तिथे कधीकाळी घर, शेत, छावणी असण्याचा संभव मोठा. माणसं निघून जातात, मुनवे मागे राहतात. ‘जंगलात दिसली’ हा जंगली असल्याचा पुरावा धरू नये. फळ कापून बघावं. बिया भरपूर निघाल्या तर त्या कशा लागल्या आहेत तेही पाहावं. ॲक्युमिनाटाच्या प्रत्येक कप्प्यात दोन नीट ओळी, बाल्बिसियानाच्या कप्प्यात चार विस्कटलेल्या ओळी.

ईशान्येकडे जाणाऱ्यांना आणखी एक मोठी सोय आहे. केळफूल कुठे बघतं, हे पाहा. खाली लोंबणारं, काळपट जांभळं, रात्री उमलणारं केळफूल वटवाघळांसाठी असतं. ताठ उभं, भडक गुलाबी वा नारिंगी, आणि प्रत्येक पाराखाली मोजकीच फुलं असलेलं, पक्ष्यांसाठी. ताठ केळफुलांच्या घोळक्यात सगळ्यांत ओळखू येणारी मुसा व्हेल्युटिना. माणसाच्या उंचीच्या आसपासची, गुलाबी लवदार फळांची, आणि पिकल्यावर फळ आपलं आपण साल उलगडून पांढरा गर बाहेर दाखवणारी. ती आता जगभरच्या बागांत आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत ‘कुठे दिसली’ याला फार वजन देऊ नये. मुसा ऑर्नाटाही अशीच बागेतली, फिकट जांभळ्या पारांची. याउलट मुसा आयटिनरन्स कधी उभ्या घोळक्यात दिसत नाही. तिचे जमिनीखालचे कंद लांब धावतात आणि नवे बुंधे मीटर-दोन मीटर अंतरावर उगवतात, त्यामुळे अख्खा उतार केळीने भरलेला पण एकही गच्च खुंट नाही असं दृश्य दिसतं. दार्जिलिंग-सिक्कीमच्या थंड उंचीवर केळ बघून चकित झालात तर ती बहुधा मुसा सिक्कीमेन्सिस.

देशाबाहेरचा पट इथे पुरता मांडणं शक्य नाही, पण दोन प्रकरणं वगळता येत नाहीत. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात कुक दलदलीत केळीच्या पानांतले सूक्ष्म वाळूकण, म्हणजे फायटोलिथ, सापडले आणि त्यांवरून तिथली लागवड सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची ठरवली गेली. त्याच बेटावर मुसा इन्जेन्स आहे, पंधरा मीटरपर्यंत जाणारी, जगातली सगळ्यांत उंच केळ. दुसरं प्रकरण प्रशांत महासागरातल्या फेई केळ्यांचं. ताहितीत ती दिसतात. त्यांचा घड लोंबत नाही, वर आभाळाकडे उभा राहतो. चीक लालसर जांभळा, फळं नारिंगी, गर भाजून किंवा उकडून खायचा. त्यांचा ए-बीच्या हिशेबाशी काही संबंध नाही, त्यांचे पूर्वज वेगळ्या शाखेतले. म्हणून वर उभा घड दिसला तर गुण मोजत बसू नये.

गुणांची पद्धत आणखीही काही ठिकाणी हात टेकते. युगांडात रोज जेवणात शिजवून खायची मातोके केळी बी-गटातली असतील असं कुणालाही वाटेल, कारण आपल्याकडे भाजीची केळी तशी असतात. ती मात्र एएए आहेत, शिजवून खायची असूनही ॲक्युमिनाटाच्या एका वेगळ्या घराण्यातली. म्हणजे केळं कसं खातात यावरून गट ठरवू नये. दोन ए आणि तीन ए यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. पानं ताठ उभी असली तर दोन, पसरलेली असली तर तीन, असा अंदाज बांधता येतो, पण पक्कं सांगायला प्रयोगशाळा हवी. बेल्जियममधल्या ल्युव्हेनला दीड हजारांहून अधिक केळींचा जागतिक संग्रह आहे, आपल्याकडे १९९३ पासून तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. असल्या प्रश्नांचा निकाल तिथे लागतो.

आणि कधी विचित्र दिसणारी केळ नवी जात नसून आजारी असते. शेंड्याशी अरुंद, ताठ पानांचा झुपका जमला, झाड खुरटलं, तर तो पर्णगुच्छ रोग. तामिळनाडूतल्या डोंगरी विरूपाक्षी केळीची याच रोगाच्या विषाणूने वाताहत झाली. हौशी मंडळी अशा झाडाचा फोटो ‘दुर्मिळ बुटकी जात’ म्हणून पाठवतात.

तर प्रश्न विचारायचा असेल तेव्हा एवढे फोटो असावेत. शेजारी माणूस उभा करून संपूर्ण खुंट. पायथा. कापलेला देठ. केळफूल बाजूने, आणि एक पार उचलून आतून. आडवं कापलेलं फळ, सोबत नाणं. ज्याने ती लावली आहे तो भेटला तर तो तिचं काय करतो हे विचारावं. भाजी, पान, खार, दोर, काहीही. फिलिपिन्समध्ये लावलेली मुसा टेक्स्टिलिस फळासाठी नसतेच, तिचा दोर करतात. मालकाशी बोलल्याशिवाय हे कळणार कसं?

मुनवा मात्र पिशवीत टाकून आणू नये. परदेशातून परवानगीशिवाय रोपं आणायला भारताच्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने मनाई आहे, आणि तिच्यामागे भक्कम कारण आहे. ग्रो मिशेल हे एकेकाळी जगाच्या बाजारातलं मुख्य केळं पनामा मर रोगाने संपवलं. त्याची टीआर-४ ही नवी बुरशी आता कॅव्हेंडिशलाही सोडत नाही आणि बिहारच्या बागांतही ती पोचली आहे. ती मातीत अनेक वर्षं टिकते. केळीच्या बागेतून निघालेले चिखलाचे बूटही त्याच हिशेबात धरायचे.